पान्हा चोरणारी

आचलच्या दुधाची चर्चा सासरच्या हिवरखेडपासून माहेरच्या भातकुलीपर्यंत झाली होती. ज्याला त्याला मत होतं. चुलतसासूनं फोनवर सांगितलं, अळीव खा. भातकुलीच्या काकूनं शतावरीचा डबा धाडला. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं आजकालच्या पोरी मोबाईल फार पाहतात, त्यानं आटतं. आणि तिच्या सासूनं, लीलाबाईनं, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून येणारे-जाणारे ऐकतील अशा आवाजात निकालच लावला होता, "पान्हा चोरून राहिली थे. आडमुठी गाय चोरते ना, तसा."

ज्या दुधाची एवढी चर्चा चालली होती ते मात्र वाटीत उतरत नव्हतं.

अकोल्यातल्या त्या बाळंतिणींच्या आणि मुलांच्या दवाखान्यात काचेच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. पडदा, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक बेसिन आणि भिंतीवर हसऱ्या गोऱ्या बाळाचं पोस्टर. ज्यांची लेकरं काचेच्या पेटीत होती त्या बाया तिथं येऊन बसायच्या आणि उकळून घेतलेल्या वाटीत हातानं दूध काढायच्या. आचल चार दिवसांपासून तिथं येऊन बसत होती. छाती भरून दगडासारखी झाली होती, तापली होती, बाळाच्या टोपीचा वास घेतला तरी ठणकत होती. दूध आत होतं. बाहेर येत नव्हतं. फार तर वाटीचा तळ ओला व्हायचा, आणि तो ओला तळ सिस्टर कापसाच्या बोळ्यानं टिपून बाळाच्या ओठांना लावायची.

बाळ, म्हणजे तिची मुलगी, साडेसात महिन्यांतच आली होती. कान अजून कागदासारखे. मनगटाला बांधलेली चिठ्ठी तिच्या हातापेक्षा मोठी. चार दिवस सलाईनवर काढले, आता तिच्या पोटात नळीनं दूध जायला हवं होतं. डॉक्टर मॅडमनी सकाळी स्पष्ट सांगितलं, "इतक्या कोवळ्या आतड्यांना पावडरचं दूध मला द्यायचं नाही. आईचंच हवं. उद्या सकाळपर्यंत थांबते. नाहीच जमलं तर पावडर सुरू करावी लागेल, आणि ती हिला झेपेल की नाही, ते आज मी सांगू शकत नाही."

मग त्यांनी आचलकडे पाहिलं. "तुझी काही चूक नाही. दूध तयार होणं वेगळं आणि उतरणं वेगळं. मनात धास्ती असली, राग असला, की शरीर मूठ आवळून बसतं. हे खांदे बघ, कानाला लागलेत. घरी काही ताण आहे का?"

"नाही," आचल म्हणाली, कारण तिचा नवरा, नितेश, शेजारीच उभा होता.

घरी ताण नव्हता हे खरंच होतं. घरी खोटं होतं.

चार दिवसांपूर्वी, कळा आल्या त्या दिवशी, महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण होतं. नितेशची नोकरी अकोल्याला, बिऱ्हाड जठारपेठेत. पण भाद्रपदात दोघी महालक्ष्म्या हिवरखेडच्या घरी बसल्या की सुनेनं तिथं असायचंच. मोठी सासूनं उभी करायची, धाकटी सुनेनं. त्यात मागच्या साली ऐन वेळी भावकीत सुतक आलं आणि महालक्ष्म्या बसल्याच नाहीत. लीलाबाईनं ते वर्ष जीव मुठीत धरून काढलं. गोठ्यातली कपिली मेली, नवऱ्याचा, जानरावांचा, हात मोडला. दोन्हींचा दोष तिनं त्या रिकाम्या राहिलेल्या चौरंगाला दिला. म्हणून यंदा काय वाटेल ते होवो, दोघींना जेवू घालूनच उठवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

आणि सकाळी, वर फुलोरा टांगणं चालू असताना, आचलच्या कमरेत कळ आली. दुसरी आली तशी तिनं सासूला मागच्या खोलीत बोलावलं. लीलाबाईनं पुरणाचे हात पुसले, सुनेच्या पोटावर तळवा ठेवला, जरा वेळ ठेवला आणि काढून घेतला.

"ग्यास आहे," ती म्हणाली. "ओव्याचं पानी देतो. पडून राय. नैवेद्य होऊ दे, मंग पाहू."

"आत्याबाई, मले नाही वाटून राहिलं ग्यासचं."

"तुले काय मालूम? पहिलटकरनीले पाद अडला तरी कळच वाटते."

आचलनं ऐकलं. मागाहून तिला स्वतःचा राग आला तो ह्याच गोष्टीचा. चार बाळंतपणं झालेल्या बाईनं पोटाला हात लावून सांगितलं, म्हणजे असेल ग्यासच, असं मानून ती उशी दातात धरून पडून राहिली. बाहेर सोळा भाज्यांचा घमघमाट सुटला होता, आंबील वाढा, आंबील वाढा, असा गलका होता. मध्ये तिनं पुन्हा एकदा सासूला हाक मारली. सासू दारातूनच म्हणाली, "आलोच." आरती झाली, नैवेद्य झाला, पहिली पंगत बसली, आणि नितेश बायकोसाठी ताट घेऊन आला तेव्हा तिच्याखालची सतरंजी ओली झाली होती.

गाडीत घालून अकोल्याला आणलं. दवाखान्यात पोचल्यावर मुलीनं फार वेळ लावला नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सकाळी आला असता तर बाळाच्या फुप्फुसांसाठी हिला इंजेक्शन देता आलं असतं." नितेशनं तिथूनच आईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"मले तं तिनं सांगतलंच नाही," लीलाबाई म्हणाली. "सांगतलं असतं तं मी काय बसवून ठेवलं असतं काय तिले?"

नितेशनं फोन ठेवला. बायकोच्या कपाळावरचे केस मागे सारले, अगदी मायेनं, आणि म्हणाला, "सांगायला पाहिजे होतं ना गं तू."

त्या क्षणी आचलचे खांदे वर गेले, ते खाली आलेच नाहीत. ती ओरडली नाही. सांगितलं होतं, एवढंच म्हणाली. नितेश म्हणाला, "आई खोटं कशाले बोलन? गडबडीत तुले वाटलं असन सांगितलं म्हणून." आणि पुढचे चार दिवस, पेटीतल्या त्या कागदी कानांकडे पाहत, आचल स्वतःलाच विचारत राहिली. सांगितलं होतं ना मी? की नुसतं मनातच बोलले? तो तळवा पोटावर ठेवला होता, की तेही मला वाटलं? छातीत धडधड व्हायची, बोटं गार पडायची.

*

मॅडमनी उद्या सकाळची मुदत दिली त्याच दिवशी, त्या राउंड घेऊन गेल्यावर, जानरावांनी प्रकरण हातात घेतलं. गावातले शेताच्या धुऱ्या-बांधाचे वाद ते एका चहात मिटवायचे. घरातला मिटवायला दीड चहा लागेल, एवढाच त्यांचा अंदाज. त्यांनी बायकोला दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं केलं, सुनेला बाकावर बसवलं.

"जे झालं थे झालं. लेकराचं पाहा आता. लीला, बोल दोन शब्द सुनेले."

लीलाबाईनं समोरच्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहिलं. त्या तक्त्याला उद्देशूनच ती म्हणाली, "माह्याकून काई कमी-जास्त झालं असन, तं माफ कर बाप्पा."

सगळे आचलकडे बघायला लागले. सुनेनं अशा वेळी काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं. भातकुलीच्या घरात तिनं आईला ते कैकदा म्हणताना ऐकलं होतं.

"असू द्या, आत्याबाई," ती म्हणाली.

"पाहा. झालं. मिटलं," जानराव म्हणाले, आणि नितेश खरंच चहा आणायला पळाला. त्याचा चेहरा इतका हलका झाला होता की आचलला तो कप त्याच्याच शर्टावर ओतावासा वाटला. तिनं तो प्यायला. जीभ पोळली तरी कळलं नाही.

मग ती पडद्याआड जाऊन बसली. दात एकमेकांवर घट्ट बसले होते, कानात रक्त ठणठणत होतं. निदान वाटीचा तळ तरी ओला व्हायचा, ह्या खेपेला तोही झाला नाही. वाटी कोरडी ठणठणीत.

बाजूच्या खुर्चीवर बाळापूरची एक बाई बसायची. तिला जुळं होतं, आणि दूध दोघांना पुरून उरेल एवढं. तिनं आचलची वाटी पाहिली, मग तिचं तोंड पाहिलं.

"काय झालं वं?"

"काही नाही. सासूनं माफी मागितली. मी माफ केलं."

"अय्यो," बाळापूरवाली म्हणाली. "म्हनूनच. मी मायाल्या सासूले हजार बार माफ केलं. दर बारीनं बीपी वाढते."

आचलला हसू आलं नाही, पण बाई तिला आवडली.

*

दुपारी भातकुलीहून तिची आई आली. डिंकाच्या लाडवांचा डबा, मऊ धुवट लुगड्याची दुपटी आणि एसटीत दोन तास घोळवून धार लावलेली जीभ, असं सगळं घेऊन. पायऱ्यांवर विहीण दिसली. लेकीपर्यंत ती पोचलीच नाही.

आचल पडद्याआड होती. खिडकी पायऱ्यांच्या बाजूला उघडायची, त्यामुळे शब्द न् शब्द आत येत होता.

"इहीनबाई, मायी पोरगी गाय होय काय? फोनवर आयकलं मी, पान्हा चोरते म्हने."

"गाय परवडली," लीलाबाई म्हणाली. "गाय खोटं नाही बोलत."

"कोन खोटं बोललं?"

"तुमची पोरगी. कळ आली तं सांगाव नाही काय? तोंडात काय लाह्या कोंबल्या होत्या? अन् आता मलेच डोये दाखवते. सकाळी माफी बी मागतली मी, नवऱ्यानं मागाले लावली म्हनून. तरी दूध नाही. मनात जहर ठेवल्यावर कुठून उतरन दूध?"

"जहर तुमच्या जिभेवर आहे, इहीनबाई. मायाल्या पोरीले तुमी—"

"आई, तुमी दोघी जरा हळू," हा नितेशचा आवाज होता. "लोकं पाहून राहिले."

बाळापूरवालीनं आचलकडे पाहिलं. हात पुढे करून तिच्या गाऊनची वरची दोन बटणं लावून दिली, जणू पोरीला शाळेत पाठवतेय.

आचल कोरडी वाटी हातात घेऊनच बाहेर गेली. पायऱ्यांवर सगळेच होते. तिची आई कंबरेवर हात ठेवून उभी, लीलाबाई बसलेली, जानराव कठड्याला टेकलेले, मध्ये नितेश, दोन बैलांच्या मध्ये सापडलेल्या माणसासारखा.

"आत्याबाई," आचल म्हणाली, "मले तुमची माफी नको."

"मागतली मी. सगळ्यायनं आयकली."

"वापस घ्या थे. मी बी मायं 'असू द्या' वापस घेतो."

"पोरी," जानराव म्हणाले, "मिटलेलं कशाले उकरतं?"

"मामाजी, तुमी थांबा." सासऱ्यांना असं तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच म्हटलं असेल. जानराव थांबले, त्यांनाही नवल वाटलं असावं. "एवढंच सांगा, आत्याबाई. कळ आली थे मी तुमाले सांगतलं, का नाही सांगतलं? नितेशच्या समोर सांगा. माफी-बिफी काही म्हनू नका."

लीलाबाईनं पदर सावरला. खाली रस्त्यावर एक ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, वाजवतच होता. तिला नाही म्हणता आलं असतं. चार दिवस म्हणतच होती. आणि आता ती नाही म्हणाली असती तर आचलनं स्वतः त्यावर विश्वास ठेवला असता.

"सांग ना आई," नितेश म्हणाला. "नाही सांगितलं तिनं, तं सांग तसं. विषय संपव."

त्यानं ते आईच्या बाजूनं म्हटलं. आईवरच्या पूर्ण भरवशानं म्हटलं. लीलाबाईनं पोराच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचं तोंड रागानं लाल झालं.

"तू चूप बस रे," ती त्याच्यावर ओरडली. "मोठा आला विषय संपवणारा. सांगतलं. सांगतलं तिनं. दोन बार सांगतलं. बसलं समाधान?"

लीलाबाईनं नितेशकडून मान वळवली.

"मी हात लावून पाह्यलं. पोट गोट्यावानी कडक आलं होतं." ती आता आचलकडे पाहून बोलत होती, भांडत असल्यासारखी. "चार लेकरं काढली म्या. मले समजत नाही काय, ग्यास कोनता अन् कळ कोनती? समजलं होतं. हात ठेवला तवाच समजलं."

"मंग ग्यास काहून म्हनलं?"

"महालक्ष्म्या बसल्या होत्या ना घरात. तुले दवाखान्यात नेलं असतं, अन् पोरगी तठीच होऊन गेली असती, तं सोयर पडलं असतं. नैवेद्य तसाच राह्यला असता. लागोपाठ दोन साल त्या उपाशी. मले त्याईचं भेव वाटलं. मनलं, दोन घंट्यानं काय होते. पहिलटकरीन आहे, याले रात होईन." तिचा आवाज चिरकला, पण खाली आला नाही. "नाही झाली रात. अन् मंग यानं फोन केला, तवा याच्याजवळ मले कबूल नाही करता आलं. तुह्यावर ढकललं म्या. मले माईत होतं, अन् म्या तुले ठेवलं, अन् वरून खोटी बी तुलेच पाडलं. चूक मायी आहे. ह्या पोट्टीचं काई झालं तं थे बी माह्याच माथी."

जानराव कठड्यावरून उठले आणि पुन्हा बसले. त्यांच्याजवळ ह्याला पुरेल असा चहा नव्हता. आचलच्या आईनं तोंड उघडलं, आणि काय आश्चर्य, मिटलं.

आचल सासूकडे पाहत राहिली. ह्या बाईला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावं, असं तिला वाटत होतं.

"मी तुमाले माफ नाही केलं," ती म्हणाली.

"नोको करू," लीलाबाई म्हणाली. "मी बी नसतं केलं."

नितेशचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "आचल," तो म्हणाला, "मी—"

"तुया नंबर नंतर आहे."

आणि हे म्हणत असतानाच तिला छातीत मुंग्या आल्या. आधी वाटलं चक्कर येतेय. मग लक्षात आलं की मान दुखत नाहीये. खांदे कधी खाली आले ते तिला कळलंच नव्हतं. बोटांत ऊब आली होती. तो तळवा खरा होता. ती हाक खरी होती. ती वेडी नव्हती, आणि पोरीला तिनं वाऱ्यावर सोडलं नव्हतं. राग होता तेवढाच होता, तिळभर कमी नाही. पण त्याच्या आत चार दिवस जे काही थरथरत होतं ते निजलं होतं.

"अवं," तिची आई एकदम हळू आवाजात म्हणाली, "गाऊन पाह्य तुया."

गाऊन पुढून ओला झाला होता, दोन्हीकडे, आणि ओल पसरत होती. आचलला त्याचीही चीड आली. ह्या शरीरानं तिला विचारायला तरी हवं होतं. सासूच्या तोंडासमोर, ह्याच घडीला, असं भर पायऱ्यांवर. पण ते तिच्या रागासाठी थांबायला तयार नव्हतं. ज्याच्यासाठी ते होतं ते लेकरू आत पेटीत होतं.

ती वळली आणि जवळजवळ धावतच आत गेली.

बाळापूरवालीनं खुर्ची ओढून दिली. आचलनं हात लावायच्या आधीच धार लागली, वाटीत आवाज झाला, तोच आवाज जो गोठ्यात बादली रिकामी असताना होतो. वाटी भरत आली तशी बाळापूरवालीनं आपली उकळलेली दुसरी वाटी पायानंच तिच्याकडे सरकवली. तिच्या दोन्ही हातांत तिचं स्वतःचं काम होतं. आचल रडत होती. सासूला मनात नाही नाही ते बोलत होती, आणि दूध येत होतं.

सिस्टरनं वाटी घेतली, नुसतं भुवया वर करून हसली. काचेच्या आत जाताना आचलनं हात दोनदा धुतले. सिस्टरनं नळीला सिरिंज जोडली, दूध ओतलं आणि सिरिंज उंच धरली. पिवळसर, घट्ट, ते हळूहळू खाली उतरायला लागलं, नाकातल्या नळीतून आत. आचलनं पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तळव्यात पोरीचं पाऊल धरलं. पाऊल कसलं, चिंचेचा आकडा. पोरीच्या तोंडात तर काहीच जात नव्हतं, सगळं नळीतून पोटात. तरी पोटाला कळलं असेल. ओठांचा चंबू झाला. जीभ हलली. मग एवढ्याशा कपाळावर आठी पडली, अगदी लीलाबाईसारखी, आणि आचलच्या मनात आलं, ही गेली का त्यांच्यावर. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिनं ते पाऊल आणखी जरा घट्ट धरलं.

"पी माय," ती हळूच म्हणाली. "तुयंच आहे."

बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात दोघी विहिणी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मध्ये लाडवांचा डबा, न उघडलेला. नितेश कुठं दिसत नव्हता. लीलाबाई उठून उभी राहिली.

"पेली काय?"

"पेली."

"वकली तं नाही?"

"नाही."

लीलाबाईनं मान हलवली. हात कुठं ठेवावेत तिला सुचत नव्हतं. "पुढच्या साली—" तिनं सुरुवात केली.

"पुढच्या साली मी येत नाही महालक्ष्म्यायले. धाकटी कोण मांडन थे तुमी पाहा."

आचलच्या आईनं डोळे मोठे केले. कुणाचीही सून असली तरी हे फार झालं, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. लीलाबाईनं मात्र चपला पायात सारल्या, पिशवी घेतली, दोन पावलं गेली आणि थांबली.

"उद्या येऊ काय?"

आचलनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन तासांनी पुन्हा बसायचं होतं, मग पुन्हा, मग पुन्हा. तिला त्याचाच विचार करायचा होता, ह्या बाईचा नव्हे.

"या," ती म्हणाली. "पन पायऱ्यांवर बसून जोरानं बोलू नका. आत बाया दूध काढून राहिल्या."